पाकिटावरचं नाव

"फोटो शोधण्यात कसलं आलंय काम? नाव टाकलं की फोटो समोर!" असं मध्यंतरी एका साखरपुड्यात एक गृहस्थ मला म्हणाले. तोंडात पेढा होता म्हणून मी गप्प बसले. त्यांना विचारायला हवं होतं, की नाव टाकतं कोण? आणि ज्या माणसाचं नाव कुणी कधी लिहूनच ठेवलं नाही, त्याचं काय करायचं? तेव्हा राहिलेलं बोलणं आता इथे लिहिते आहे. संपादकांनी मला 'स्टुडिओतल्या गमतीजमती' लिहायला सांगितल्या आहेत. गमती थोड्या आहेत, राग जास्त आहे. तो छापायचा नसेल तर लेख परत पाठवावा, मी वाईट वाटून घेणार नाही.

रत्नागिरीत राम आळीत आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो आमचे हे काढायचे आणि बाकीचं सगळं मी करायची. या 'बाकीच्या सगळ्या'त काय काय येतं ते लोकांना माहीत नसतं. नवरीच्या तोंडावरचा घाम टिपून पावडर लावणं, नथ सरळ करणं, रडणाऱ्या पोराला खुळखुळा दाखवणं, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं, प्रिंट वाळत घालणं, आणि वर्षानुवर्षांनी कुणी "वहिनी, आमचा तो फोटो" म्हणत आलं की तो शोधून देणं. शेवटचं काम सगळ्यात अवघड आणि त्याचं कौतुक सगळ्यात कमी.

स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. एका बाजूला राजवाड्याचा जिना, दुसऱ्या बाजूला तळं आणि तळ्यात दोन हंस. आणि एक काळा कोट होता. लग्न झालं की जोडीचा फोटो काढायला माणसं यायची, आणि मच्छीमार काय किंवा भातशेतीवाला काय, त्याच्याकडे कोट कुठून असणार? मग आमचाच कोट. सडपातळ नवरा असला की मागून कपड्यांचे चिमटे लावायचे, जाडा असला की बटणं उघडी ठेवायची. रत्नागिरीच्या आसपासच्या किती घरांत भिंतीवर तो एकच कोट वेगवेगळी माणसं घालून उभा आहे, हे त्या घरांना माहीत नाही.

फोटो निघाला की निगेटिव्ह एका खाकी पाकिटात जायची आणि पाकिटावर नाव लिहायचं. कुणाचं? जो ऑर्डर द्यायचा त्याचं. ऑर्डर द्यायचा नवरा, नाहीतर सासरा. 'गणपत पालशेतकर, जोडी.' झालं. शेजारी शालू नेसून बसलेल्या मुलीचं नाव पाकिटावर कधी आलं नाही. मी लग्न होऊन आल्यावर एकदा ह्यांना म्हटलं, "बाईचंही लिहा की." ते म्हणाले, "बाई थोडीच येणार आहे फोटो न्यायला?" धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. त्या काळी बायका खरंच येत नसत. त्या आल्या नंतर, म्हाताऱ्या झाल्यावर, नाहीतर त्यांच्या मुली आल्या. तेव्हा पाकिटावर शोधायला त्यांचं नावच नव्हतं.

शिवाय आमच्याकडचं गिऱ्हाईक तारीख सांगून फोटो मागत नाही. ते सांगतं, "वहिनी, तो बघा, मांडवात बैल घुसला होता ते लग्न." किंवा, "आमची होडी नवीन होती, आणि धाकटा अजून पाळण्यात होता." हातखंब्याचा एक हॉटेलवाला आला होता. हायवे रुंद झाला त्यात त्याच्या दारातला वड तोडला. त्याच्या वडिलांचा हॉटेलच्या उद्घाटनाचा फोटो आम्ही काढलेला होता. मी शोधून दिला, तर म्हणाला, "बाबांचा आहे हो घरी. ह्यातला तो मागचा वड मोठा करून द्या." आता मला सांगा, कुठल्या पाकिटावर वडाचं नाव लिहिलेलं असतं?

हे गेल्यानंतर स्टुडिओ बंद झाला, पण पाकिटं राहिली. कोकणातली हवा फोटोंची वैरीण. कपाट कितीही बंद ठेवा, पावसाळा संपला की निगेटिव्हवर बुरशीची नक्षी उठलेली असायची. एकेका पाकिटातून एकेक तोंड पुसलं जात होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मुंबईच्या मुलाने स्कॅनर आणून दिला. मी शिकले. जे वाचलं होतं ते सगळं एकेक करून कॉम्प्युटरवर चढवलं. स्कॅन झाल्यावरही बऱ्याच निगेटिव्ह टिकल्या नाहीत, म्हणजे आता कॉम्प्युटरमध्ये आहे तोच फोटो, बाकी काही नाही.

आता प्रश्न उरला तो लावून ठेवण्याचा. नुसते आकडे असलेल्या फायलींचा ढीग म्हणजे नावं न लिहिलेल्या बरण्यांची फळी. कुठल्या बरणीत काय ते उघडल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक फोटोला कोण, कुठलं, कधीचं अशा चिठ्ठ्या लावून देणारं सॉफ्टवेअर लागतं. मुलाने एका पुण्याच्या कंपनीचा नंबर दिला आणि तिथून कौस्तुभ नावाचा एक तरुण गृहस्थ लॅपटॉप घेऊन घरी आला.

तो बोलायला गोड होता. कोकम सरबत प्यायला, घर छान आहे म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, "काकू, तुम्ही काहीच करायचं नाही. सगळं एआय करतं. चेहरे ओळखतं, जागा ओळखतं, वस्तू ओळखतं." मी म्हटलं, दाखवा. त्याने आमचे थोडे फोटो त्यात घातले. शिमग्याची पालखी खांद्यावर घेऊन नाचणारी माणसं होती, त्याखाली चिठ्ठी आली, फर्निचर. किनाऱ्यावर सुकट वाळत घातली होती, ती खडी. नऊवारी नेसलेल्या बायकांना त्याने फॅन्सी ड्रेसमध्ये टाकलं. आंजर्ल्याला गणपतीला नवस फेडायला गेलेलं अख्खं कुटुंब 'हॉलिडे' झालं. त्या कुटुंबात दोन बायका डोळे पुसत उभ्या होत्या.

"शिकतं ते हळूहळू," कौस्तुभ म्हणाला.

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही दुरुस्त करायचं."

म्हणजे मी काहीच करायचं नव्हतं, फक्त त्याचं सगळं दुरुस्त करायचं होतं! तरी मी ते घेतलं. चेहरे ओळखतं या एका गोष्टीला मी भुलले. वाटलं, एका बाईचं नाव कुणीतरी एकदा सांगितलं की ती जिथे जिथे मागे, कोपऱ्यात, कुणाच्या तरी खांद्याआडून दिसते आहे तिथे तिथे ते नाव लागेल. पाकिटांनी जे केलं नाही ते यंत्र करील.

सबंध पावसाळा मी नावं भरली. फोन करकरून म्हाताऱ्या बायकांना विचारलं. तिथेच पहिली ठेच लागली. आमच्या पिढीतल्या बाईला नावं किती? माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, वाडीत हाक मारायचं तिसरं. सॉफ्टवेअरमध्ये रकाना एकच. मी कौस्तुभला फोन केला. तो म्हणाला, "काकू, जे ऑफिशियल असेल ते टाका."

"बाईचं ऑफिशियल नाव कुठलं?"

"आधार कार्डावरचं."

डोक्यात तिडीक गेली. फोटोतली बाई मरून जमाना झाला, तिचं आधार कार्ड मी कुठून आणू?

मी एवढी धडपड करत होते तोवर कंपनीने परस्पर दुसरं एक काम उरकलं होतं. पाकिटांवरची नावं त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी भरून घेतली, आणि शेजारच्या बाईला सरसकट 'मिसेस' लावून दिलं. मिसेस गणपत पालशेतकर, मिसेस अमुक, मिसेस तमुक. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, यांनी आमच्या ह्यांचंच काम पुढे चालवलं, फक्त इंग्रजीत. शिवाय 'सफाई' नावाची एक सोय त्यांनी चालू करून दिली. एकसारखे आणि खराब फोटो आपोआप बाजूला काढायचे, म्हणजे जागा वाचते. "आणि ती तुमची डिस्क आता कशाला ठेवता?" कौस्तुभ म्हणाला होता. "सगळं क्लाउडवर सेफ आहे." मी हो हो म्हटलं आणि मूळ स्कॅनची डिस्क पापडाच्या डब्यात ठेवून दिली. घरात तो एकच डबा इतका घट्ट लागतो की पावसाळ्यात पापड सादळत नाहीत. डिस्कही सादळणार नाही असा माझा हिशेब होता.

गणपती झाले आणि सुगंधा आली. सुगंधा मिऱ्या गावची, जेटीवर मासे विकायला बसते. कित्येक वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेते. त्या दिवशी टोपली नव्हती, चांगली साडी होती.

"वहिनी, आज मासे नाय आनलेत. दुसऱ्याच कामाला आलंय."

तिचं नवीन घर बांधून झालं होतं आणि वास्तुशांत जवळ आली होती. म्हणाली, "भिंतीवर बापसाचा फोटो हाय. आयचा पायजे."

"अगं, तुझी आई तर परवा बाजारात भेटली मला. धडधाकट आहे."

"ती मावशी, वहिनी. माजी आय मी लहान असताना गेली. मग बापसानं तिच्या धाकट्या बहिनीशी लगीन केलान. घरात आयचा फोटो व्हता, तो आजीनं काढून टाकलान. नव्या सुनेच्या डोळ्यांसमोर नको म्हनून. मग तो कुटं गेला कोनाला ठाव नाय."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही, भांडं हातात धरून बसली.

"मावशीनं मला पोटच्या पोरीसारकी वाढवलान. तिच्याबद्दल माजं कायबी म्हननं नाय. पन मला माज्या आयचं तोंड आठवत नाय. सपनात येते ना, ती पन मावशीचंच तोंड घेऊन येते."

हे ऐकून मला बसवेना. मी लगेच कॉम्प्युटर लावला. बापाचं नाव गणपत पालशेतकर, लग्नानंतर आमच्याकडेच जोडीचा फोटो. नाव टाकलं की फोटो समोर! आला की. राजवाड्याचा जिना, हंस, आमचा काळा कोट, कोटात गणपत आणि शेजारी शालूतली नवरी. चेहरा अगदी स्वच्छ.

सुगंधा खुर्चीतून पुढे वाकली. मग मागे टेकली.

"ही मावशी," ती म्हणाली.

तिने म्हटलं तेव्हा मलाही ओळख पटली. मी नवीनच लग्न होऊन स्टुडिओत आले होते तेव्हाची ही नवरी. ती इतकी रडत होती की मी लावलेली पावडर टिकेना, मला तीनतीनदा लावावी लागली. आणि गणपतला कोट चढवताना हे म्हणाले होते, "काय रे, कोट ओळखीचा वाटतोय ना?" तो हसला होता. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. आता कळला. गणपत तो कोट दुसऱ्यांदा घालत होता. म्हणजे पहिल्या बायकोबरोबरचा फोटो आमच्याचकडे काढलेला होता, आणि मी पालशेतकरांच्या जोडीची दोन पाकिटं स्वतः स्कॅन केलेली होती. मग पडद्यावर एकच फोटो कसा?

कौस्तुभला फोन लावला. त्याने तिकडे बसून सिस्टीमच्या नोंदी बघितल्या आणि शांतपणे सांगितलं, "काकू, ते मर्ज झालंय. सिस्टीमला ती एकच व्यक्ती वाटली. दोन फोटोंपैकी एकात डोळे मिटलेले होते, डाग होते, म्हणून तो सफाईत गेला."

"मग परत आणा."

"तो बिनमध्ये, म्हणजे कचऱ्यात जातो, आणि बिन ठरावीक मुदतीनंतर आपोआप रिकामा होतो."

इतका वेळ त्याला 'तुम्ही' म्हणत होते, ते सुटलं. "अरे, माझ्यासमोर त्या बाईची मुलगी बसली आहे. तिला आईचा चेहरा माहीत नाही. तो चेहरा तुझ्या यंत्राने खराब म्हणून फेकून दिला?"

"काकू, तुम्ही समजून घ्या," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "नाव तेच, पत्ता तोच, मागचा पडदा तोच, शालूसुद्धा तोच आणि चेहरा जवळजवळ तोच. माणूससुद्धा फसला असता."

त्याने मी आणखी चिडले. म्हटलं, तुझं दुकान माझ्या घरातून उचल. मी भरलेली सगळी नावं मला दे, मी दुसरं काहीतरी बघते.

तर तो म्हणतो, "नावं बाहेर काढून द्यायची सोय आपल्या वरच्या, जास्त पैशांच्या प्लॅनमध्ये आहे."

वाचकहो, हे नीट समजून घ्या, कारण उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल. मी सबंध पावसाळा बसून जी नावं भरली ती माझ्या फोटोंना लागलीच नव्हती. ती त्या सॉफ्टवेअरच्या पोटात होती. सॉफ्टवेअर गेलं की नावं गेली. म्हाताऱ्या बायकांनी आठवून आठवून मला सांगितलेली माहेरची नावं पुण्याच्या एका कंपनीने ओलीस ठेवली होती! मी वरचा प्लॅन घेतला नाही. नावं सांगणाऱ्यांतल्या दोन बायका तोवर गेल्या होत्या, त्यांनी सांगितलेलं पुन्हा विचारायला कुणी नव्हतं. जे माझ्या डोक्यात होतं तेवढं मी पुन्हा भरलं. त्याचा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

सुगंधाला मी पापडाचा डबा दाखवला. म्हटलं, फोटो इथे आहे, पण डिस्कवर नुसते आकडे आहेत, पाकिटावरचं नाव नाही. शोधावा लागेल.

नवीन सॉफ्टवेअर निवडताना मी कुणाचं गोड बोलणं ऐकलं नाही. चारसहा उतरवून घेतली आणि आमच्याच फोटोंवर घासून पाहिली. एक मराठीत लिहिलेलं नाव शोधायचंच नाही, त्याला काढलं. दुसरं इंटरनेट असल्याशिवाय उघडायचंच नाही, आणि आमच्याकडे वारा सुटला की आधी लाइट जाते आणि मागोमाग नेट. तिसऱ्यात नावं छान भरता यायची. मग मी नाव भरलेला एक फोटो उचलून मुलाच्या कॉम्प्युटरवर पाठवला, तर तिकडे तो नावाशिवाय कोराच पोचला. एवढी एक परीक्षा कुणीही घरी घेऊ शकतं: नाव भरा, फोटो दुसरीकडे पाठवा, नाव बरोबर गेलं का बघा. गेलं नाही तर ते सॉफ्टवेअर फुकट दिलं तरी घेऊ नका. शेवटी जे ठरवलं ते दिसायला ओबडधोबड आहे, पण ते चिठ्ठी फोटोच्याच अंगात लिहितं, एका बाईला हवी तेवढी नावं देऊ देतं, कुणाचा चेहरा घराबाहेर पाठवत नाही आणि विचारल्याशिवाय काही फेकत नाही.

मग आम्ही शोधायला बसलो. बाजार उठला की सुगंधा दुपारची यायची. आम्ही कोटवाल्या जोड्या वेगळ्या काढत गेलो. गणपतचा चेहरा सुगंधा ओळखणार होतीच, म्हणून मला वाटलं सोपं आहे. पण बुरशीने घात केला होता. किती तरी फोटोंत नवऱ्याच्या तोंडावर पांढरा डाग, खाली नुसता कोट. अशा बिनचेहऱ्याच्या नवऱ्यांशेजारी बसलेल्या नवऱ्या मुली आम्ही एकीमागून एक पाहत होतो. सगळ्यांच्या नाकात नथ, सगळ्या घाबरलेल्या.

"वहिनी, मला आता सगळ्याच आयसारक्या दिसायला लागल्यात," सुगंधा म्हणाली आणि तिने तोंडाला पदर लावला.

"मावशीला बोलाव," मी म्हटलं.

ती एकदम नको म्हणाली. मावशीला हे काही सांगितलेलंच नव्हतं. "तिला काय वाटंल? एवढं केलान माज्यासाटी, आनि मी दुसऱ्याच आयला शोधतंय."

पण दुसरा उपाय नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मावशीला रिक्षातून घेऊन आली. सरस्वतीबाई. वाळलेली, ताठ, जाड काचांचा चष्मा. त्यांना वाटेत सगळं कळलं होतं. आल्या त्या पोरीवरच उखडलेल्या होत्या, पण कारण भलतंच होतं. "इतकी वर्सं मला इचारलान नाय हो हिनं. मी काय खाल्ली असती काय हिला? ताई माजी, का हिची एकटीची?"

मी एकेक फोटो पुढे सरकवत गेले. त्या नाही, नाही म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "थांब."

नवऱ्याचा अर्धा चेहरा बुरशीने खाल्लेला. कोटाची बाही मनगटाच्या वर चढलेली. शेजारी शालूतली मुलगी, डोळे मिटलेली, आणि हसत होती. सगळ्या ढिगात हसणारी ती एकटीच. हात हलल्यामुळे बांगड्या पुसट आल्या होत्या. फोटोग्राफरच्या भाषेत वाया गेलेला फोटो. चांगल्या फोटोचा प्रिंट दिला असेल तो सुगंधाच्या आजीने काढून टाकला, त्याची निगेटिव्ह बुरशीने खाल्ली असेल; हा मात्र ह्यांनी पाकिटात राहू दिला होता.

"हीच. ताई." सरस्वतीबाईंनी पडद्याला बोट लावलं. "फटाक करून दिवा लागला आनि हिला हसू आला. माहेरी आली तवा सांगत व्हती, मी डोळे झाकले आनि फोटोवाला ओरडला."

सुगंधा खुर्ची ओढून पडद्याच्या इतक्या जवळ गेली की मी दिवा लावला तेही तिला कळलं नाही. मग म्हणाली, "हसते कशी बघ गो मावशी." एवढंच.

मी तिला म्हटलं, डाग जमेल तेवढा साफ करते. माझा मुलगा फोनवर होता, तो म्हणाला, आता कॉम्प्युटरवर मिटलेले डोळेही उघडून देता येतात. मी सुगंधाला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तिचे डोळे कसे व्हते ते मला ठाव नाय, तर त्या कॉम्प्युटरला काय ठाव असनार?"

तिला प्रिंट काढून दिला. मग नाव लिहायचं राहिलं. मी सरस्वतीबाईंना विचारलं, ताईंचं नाव काय लिहू?

"सरस्वती."

"ते तुमचं. त्यांचं?"

"तिचं पन तेच." त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मला आधी कळेचना. "ती लगीन होऊन आली तवा सासूनं तिचं नाव सरस्वती ठेवलान. ती गेली, मी आलंय, तर माजं पन सरस्वतीच ठेवलान. घरात हाक मारायची सवय व्हती ना. शालू तोच, नथ तीच, नाव तेच. लोक बोलले, नशीब काढलान पोरीनं, बहिनीच्याच घरात पडली."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कौस्तुभवर मी किती ओरडले होते! नाव तेच, पत्ता तोच, शालू तोच, माणूससुद्धा फसला असता, असं तो म्हणाला होता. अरे, माणूस फसला नव्हता. माणसाने हे समजूनउमजून, चार पाहुणे बोलावून, अक्षता टाकून केलं होतं. एका मुलीच्या जागी दुसरी मुलगी बसवली, तिच्याच कपड्यांत, तिच्याच नावाने, आणि पहिलीचा फोटो भिंतीवरून काढून टाकला. ज्या दिवशी मी त्या नवरीला तीनतीनदा पावडर लावत होते, त्या दिवशी ती बहिणीच्या दुःखाने रडते आहे हे एकानेही मला सांगितलं नाही. तिला गप्प करा, फोटो बिघडेल, एवढंच सासू सांगत होती. कंपनीला मी माफ केलेलं नाही. पण यंत्राने आमच्या ढिगातून दोन बायकांची एक केली, ती आमच्याच घरांतून शिकून केली, हे मला कबूल करावं लागतं.

"माहेरचं सांगा," मी म्हटलं. "दोघींचंही."

"ती शेवंती." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मी आनंदी. पन त्या नावानं हाक मारनारं आता कोन ऱ्हायलं नाय."

मी हसणाऱ्या मुलीखाली लिहिलं, शेवंती. दुसरा फोटो उघडला, पावडर लावलेल्या त्या रडवेल्या मुलीखाली लिहिलं, आनंदी. त्याबरोबर पडद्यावर एक चौकट उघडली. दोघींचे चेहरे शेजारी शेजारी, आणि खाली इंग्रजीत प्रश्न.

"काय म्हनतोय तो?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "विचारतंय, ह्या दोघी एकच आहेत का? खाली हो आणि नाही अशी दोन बटणं आहेत."

त्यांनी चष्मा परत चढवला आणि त्या दोन चेहऱ्यांकडे पाहिलं.

"बरा हाय गो हा," त्या म्हणाल्या. "इचारतो तरी. तवा कोनी इचारलान नाय."

मग मला म्हणाल्या, नाही कुठलं ते दाखव, आणि माझा हात बाजूला सारून ते बटण त्यांनी स्वतः दाबलं.